पुढचा कोण?

माणसाने धंदा करावा, जरूर करावा, पण आईच्या डॉक्टरांशी करू नये. धंदा बुडाला तर बुडतो. आईचं ब्लडप्रेशर मात्र त्याच डॉक्टरांकडे तपासायचं असतं, आणि तिथे बसलेल्या बायकांनी "तो कॉम्प्युटरवाला तुमचाच ना?" असं विचारलं की ते आणखी वाढतं.

सतरा वर्षं मी एका कंपनीत इमानेइतबारे सॉफ्टवेअर लिहिलं. ते कोण वापरतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि वापरणाऱ्यांनाही आपण ते वापरतोय हे ठाऊक नसावं. एका सोमवारी राजीनामा दिला. आपल्या आपण छोट्या छोट्या वेबसाइटी काढायच्या, कुणाची चाकरी करायची नाही आणि वाटलं तर दुपारी झोपायचं, असा साधा बेत होता. साहेबांनी राजीनामा वाचला, त्याची नीट घडी घातली आणि म्हणाले, "तीन महिने तुमची खुर्ची रिकामी ठेवतो." मला ते प्रेम वाटलं. नंतर कळलं, की माझ्याआधी चौघे असेच गेले होते आणि चौघेही आपापल्या खुर्चीत परत येऊन बसले होते.

घरी हिनेही तीच मुदत धरली. ही शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिच्या अटी व्याख्येसारख्या असतात. "तीन महिन्यांत एक गिऱ्हाईक. पैसे देणारं. नात्यातलं नको आणि दयेपोटी आलेलं नको. नाही मिळालं तर खुर्चीवर परत."

"एक?" मी हसलो. "अगं, शंभर म्हण."

"एक म्हणजे एक," ही म्हणाली आणि वह्या तपासायला बसली.

कल्पना सुचली ती आईला दवाखान्यात घेऊन गेलो तेव्हा. तिथे रांग होती, पण माणसं नव्हती. त्या दवाखान्यातली पद्धतच अशी, की सकाळी आठला दार उघडलं की यायचं, बाकावर आपली एखादी वस्तू ठेवायची आणि घरी जायचं. वस्तू रांगेत बसते, माणूस घरची कामं उरकतो. त्या दिवशी बाकावर ओळीने एक छत्री, एक हेल्मेट, आईची कापडी पिशवी, चष्म्याचं घर, अर्धवट विणलेला स्वेटर आणि एका डबीत कुणाचीशी दातांची कवळी बसली होती. कंपाउंडर आतून डोकं काढून "पुढचा कोण?" असं ओरडला, की हजर असेल त्याने सगळ्या वस्तू एकेक जागा पुढे सरकवायच्या. कवळीला मात्र कुणी हात लावत नसे. ती कंपाउंडर स्वतः चिमट्याने सरकवायचा.

डॉक्टर दहाला यायचे. म्हणजे पाटीवर दहा लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ते साडेदहा ते साडेबारा या दरम्यान केव्हाही उगवत. तोपर्यंत कंपाउंडरच्या टेबलावरचा फोन वाजत राही, आणि तो दर वेळी उचलून "नाही आले अजून" एवढंच म्हणून ठेवून देई. हा कंपाउंडर डॉक्टरांच्या वडिलांच्या वेळचा. डॉक्टरांना त्याने शाळेच्या गणवेशात बघितलेलं, त्यामुळे तो त्यांना फारसा भीत नसे.

"साहेब, तुम्ही कॉम्प्युटरमधले ना?" तो मला म्हणाला. "मग एक करा. हा फोन तेवढा बंद करा बघू."

"का हो?"

"सकाळपासून शंभर जण एकच विचारतात. डॉक्टर आलेत का. पुड्या बांधताना चारदा मोजाव्या लागतात गोळ्या मला."

मी त्याच्याकडे बघून मायेने हसलो. केवढा मोठा प्रश्न समोर आ वासून उभा होता, छत्र्यांची रांग लागली होती, आणि हा बिचारा फोनचं घेऊन बसला होता! मोठी माणसं मोठं बघतात. मी रांगच नाहीशी करणार होतो. घरबसल्या वेबसाइटवर नंबर लावायचा, वेळ झाली की मोबाइलवर घंटा वाजेल, मग निघायचं. नाव तिथेच बसल्या बसल्या ठरलं: 'पुढचा कोण?'

डॉक्टरांना मी चार दिवसांनी गाठलं, अर्थातच बाकावर छत्री ठेवून. पेशंटच्या खुर्चीवर बसल्यामुळे त्यांनी सवयीने मला जीभ काढायला लावली, आणि माझं निम्मं निवेदन जीभ बाहेर ठेवून झालं. "पहिला महिना फुकट चालवा," मी जीभ आत घेतल्यावर म्हणालो, "पटलं तरच पैसे." ते म्हणाले, "बघू. पित्त वाढलंय तुमचं."

आता मी गुपचूप काम करायला हवं होतं. पण माझा स्वभाव मोकळा. समोरच्या काकांना सांगितलं. काका बँकेतून निवृत्त. "पस्तीस वर्षं मी लोकांना टोकन दिली आहेत," ते म्हणाले, "मला रांगेतलं शिकवू नका. छान आहे कल्पना. फक्त त्यात रक्तगट टाका."

"नंबर लावायला रक्तगट कशाला, काका?"

"असू दे. वेळेला उपयोगी पडतो."

टाकला. वरच्या वहिनी म्हणाल्या, "छान आहे हो! त्यात हवामान दिसलं असतं तर छत्री घ्यायची की नाही ते कळलं असतं." हवामान टाकलं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, अक्षरं मोठी हवीत. केली. मोठ्या अक्षरांमुळे 'नंबर लावा' हे बटण पडद्याच्या बाहेर गेलं, ते परत आत आणायला आठवडा गेला. घंटेचा आवाज कसा असावा यावर तर इमारतीत दोन तट पडले, म्हणून मी अकरा आवाज ठेवले. "छान आहे" असं म्हणणाऱ्या माणसापासून देवसुद्धा वाचवू शकत नाही. सगळेच छान म्हणत होते, आणि मी वेडा त्या 'छान'वर दोन महिने घालवून बसलो.

पहिली चाचणी आईवर घेतली. तिने चष्मा चढवला, मोबाइल हातभर लांब धरला, रक्तगट वाचला, हवामान वाचलं.

"डॉक्टर आलेत का ते कुठे दिसतं?"

"आई, त्याची गरजच नाही आता. तुझा नंबर आला की आपोआप घंटा वाजणार."

"हो, पण डॉक्टर आलेत का?"

नव्या जमान्याची दृष्टी एका दिवसात येत नाही, अशी मी मनाची समजूत घातली आणि मोबाइल परत घेतला.

मग आडवी आली ती पैसे घेण्याची सोय. वेबसाइटवर पैसे घ्यायचे तर मध्ये एक कंपनी असते, आणि तिला आधी तुम्ही खरे आहात की खोटे ते बघायचं असतं. त्यांनी व्यवसायाच्या जागेचा पाटीसह फोटो मागितला. मी कळवलं, की माझा व्यवसाय लॅपटॉपमध्ये आहे. उत्तर आलं, की आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया पाटीसह फोटो पाठवावा. मी पुठ्ठ्यावर 'पुढचा कोण?' असं लिहून हिला दारात धरून उभं केलं आणि फोटो पाठवला. नामंजूर. पाटी माणसाने धरलेली नसावी. दोऱ्याने टांगली. नामंजूर. फोटोत चपलांचं कपाट दिसतं, त्यामुळे जागा निवासी वाटते. अहो, निवासीच आहे ती! शेवटी रंगाऱ्याकडून चांगली पत्र्याची निळी पाटी करून घेतली, चार स्क्रू मारून दारावर ठोकली, आणि चपलांचं कपाट फोटोपुरतं न्हाणीघरात नेलं. मंजूर.

पण पाटी ठोकताना जो आवाज झाला, त्याने सेक्रेटरी वर आले. पाटीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "निवासी जागेत व्यवसाय?" त्यांना तीन प्रतींमध्ये अर्ज हवा होता. शिवाय तक्रार आली होती. तळमजल्यावरचे आजोबा शहाऐंशी वर्षांचे, रोज सकाळी जिना चढण्याचा व्यायाम करतात, आणि रोज पहिल्या मजल्यावर पोचलं की समोर निळ्या पाटीवर 'पुढचा कोण?' "हे मला उद्देशून आहे का, एवढंच त्यांना विचारायचं आहे," सेक्रेटरी म्हणाले. मी आजोबांची माफी मागितली, अर्ज लिहून दिला. तिन्ही प्रतींवर सही करता करता सेक्रेटरींनी आवाज खाली आणला. "ते जाऊ द्या. मला बुधवारचा एक नंबर मिळेल का?"

मुदतीला एकवीस दिवस उरले असताना 'पुढचा कोण?' सुरू झालं. सकाळी नऊला साइट उघडली, आणि नऊ वाजून अकरा मिनिटांनी अख्ख्या आठवड्याचे नंबर संपले! मी धावत स्वयंपाकघरात गेलो. ही पोळीच्या डब्याचं झाकण लावत होती. "संपले!" मी ओरडलो. "काय संपलं?" ती दचकली. मी तिला आकडे दाखवले. तिने ते दोनदा वाचले आणि म्हणाली, "एवढी माणसं आजारी आहेत?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी त्या आनंदात दुपारी झोपलो.

झालं होतं असं. फुकट नंबर मिळतोय म्हटल्यावर कुठला शहाणा माणूस सोडेल? प्रत्येकाने एकेक लावून ठेवला होता. असू दे. लागला तर लागला. घरात चार माणसं म्हणून चार. समोरच्या काकांकडे तर मंगळवार ते शनिवार असे पाच नंबर होते, आणि तब्येत लोखंडासारखी. जिन्यात देवाणघेवाण सुरू झाली. "माझ्याकडे गुरुवारचा तिसरा आहे, तुमच्याकडे शुक्रवार असेल तर बदलता?" वरच्या वहिनींनी आपला शनिवारचा नंबर भाचीला वाढदिवसाची भेट म्हणून दिला. भाची म्हणे खूश झाली.

इकडे दवाखान्यात शुकशुकाट. ज्यांना खरा ताप होता त्यांना नंबर नव्हता, आणि ज्यांच्याकडे नंबर होता ते घरी ठणठणीत. डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना वर्तमानपत्र वाचताना बघितलं, आणि तेही जाहिरातींचं पान.

"आज चौदा नंबर लागले होते," ते म्हणाले. "माणसं आली तीन. त्यातला एक काय विचारायला आला होता माहीत आहे? आत्ता काही होत नाहीये, तर हा नंबर पुढच्या महिन्यात चालेल का!"

"सुरुवातीला असं होतं, डॉक्टर. मी नियम कडक करतो."

मी नियम कडक केले. एका घराला एकच नंबर, आणि आला नाहीत तर आठवडाभर बंदी. आणि इथे मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. कारण बंदी आलेली माणसं भांडणार कुणाशी? वेबसाइटशी भांडता येत नाही. पण पहिल्या मजल्यावर दारावर चांगली पत्र्याची निळी पाटी होती.

सोमवारी सकाळी दार उघडलं तर बाहेर एक पिशवी. मंगळवारी दोन पिशव्या आणि एक हेल्मेट. बुधवारी रांग जिन्याच्या वळणापर्यंत गेली होती आणि तिच्यात ती डबीतली कवळीही होती. लोक माझ्याकडून नंबर घ्यायला यायचे, पण माझ्याकडे नंबर घ्यायलाही नंबर लावायला हवा ना, म्हणून आधी वस्तू ठेवून जायचे. रांग नाहीशी करणाऱ्या माणसाच्या दारात रांग! ही शाळेतून आली तेव्हा जिन्यात एका बाईंनी तिला अडवलं. "ओ ताई, मागून या, आम्ही सकाळपासून आहोत."

"मी इथे राहते," ही म्हणाली.

"सगळे असंच सांगतात," बाई म्हणाल्या.

ही दहा मिनिटं रांगेत उभी राहून घरात आली. कॅलेंडरकडे बघून तिने बोटांवर काहीतरी मोजलं. गणिताच्या शिक्षिकेने बोटांवर मोजलं की समजावं, की प्रकरण गंभीर आहे.

पाच दिवस उरले असताना मला ताप भरला. चांगला सणसणीत. घसा इतका धरला, की दारातल्या माणसांना ओरडायचीही सोय राहिली नाही. साइट उघडली. नंबर शिल्लक नव्हते. माझ्याच साइटवर, माझ्याच हाताने लिहिलेल्या ठळक अक्षरांत मला उत्तर मिळालं: 'क्षमस्व. आपण उशीर केलात.' खाली हवामान होतं. कोरडं.

काकांकडे गेलो. ते म्हणाले, "दिला असता हो, पण उद्या मलाच काही झालं तर?"

शेवटी स्वेटर घालून दवाखान्यात गेलो. कंपाउंडरने मला आपादमस्तक न्याहाळलं. "नंबर आहे का?"

"अहो, मीच केलंय ते सगळं!"

"ते खरं. पण नंबर?"

बाकावर मात्र जुनी रांग परत लागलेली होती. छत्री, चष्म्याचं घर, पिशवी. साइटचा नाद सोडून लोक आपले मुकाट जुन्या वाटेला लागले होते. मी खांद्यावरची लॅपटॉपची बॅग काढली आणि पिशवीच्या शेजारी ठेवली. सतरा वर्षांचा अनुभव, तीन महिन्यांची मेहनत आणि अकरा प्रकारच्या घंटा चष्म्याच्या घरामागे जाऊन बसल्या. मला त्या क्षणी रडू आलं. तापामुळे असेल, पण आलं.

डॉक्टर साडेअकराला आले आणि जाता जाता माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून ते तुमचं बंद करा." म्हणजे संपलं. माझं एकमेव गिऱ्हाईक गेलं. खुर्ची डोळ्यांसमोर आली. तिचं डावं चाक कुरकुरायचं.

बसल्या बसल्या फोन वाजत होता. घरी जायचं त्राण नव्हतं, काम नव्हतं, म्हणून मी पहिल्यांदाच नीट ऐकलं. "आलेत." "आलेत." "हो, आलेत." अर्ध्या तासात मी एकतीस फोन मोजले. एकानेही नंबर विचारला नाही. रक्तगट विचारला नाही. कंपाउंडर पुड्या बांधत होता, गोळ्या मोजत होता, फोन घेत होता आणि परत पहिल्यापासून मोजत होता.

मी बॅग उचलली. मागच्या बाई लगेच म्हणाल्या, "जागा सोडताय का?" मी पायातला एक बूट काढून बॅगेच्या जागी ठेवला आणि लॅपटॉप उघडला. वीस मिनिटं लागली. एक पान, त्यावर एक ओळ. 'डॉक्टर आलेत.' किंवा 'डॉक्टर अजून यायचेत.' बस. कंपाउंडरच्या मोबाइलवर एक बटण दिलं. त्याने ते दाबलं, ओळ बदलली. पुन्हा दाबलं, पुन्हा बदलली. त्याने सहा वेळा दाबून बघितलं. त्या सहा वेळांत डॉक्टर तीनदा येऊन तीनदा गेले.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी," तो म्हणाला. रागाने नाही. पण मला तापातही लाज वाटली.

त्याने दारावर कागद चिकटवला आणि त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक फोनला साइटचा पत्ता सांगितला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार फोन आले. तिसऱ्या दिवशी एकही नाही. फोन इतका गप्प, की कंपाउंडरने दोनदा उचलून कानाला लावून बघितला. शेवटी डॉक्टरच केबिनबाहेर आले. "फोन बिघडलाय का?"

"नाही. यांनी बंद केला," कंपाउंडर म्हणाला आणि चहा ढवळत राहिला. तीस वर्षांत त्याला गरम चहा प्यायला मिळाला नव्हता म्हणे.

डॉक्टरांनी मोबाइलवर ते पान बघितलं. "हे ठेवा," ते म्हणाले. "याचे पैसे देतो मी महिन्याच्या महिन्याला. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनाही हवंय. पण ते पहिलं नको हं. की ते बंद ठेवायचे वेगळे पैसे घेणार?"

पैसे देणारं, नात्यातलं नसलेलं. दयेपोटी तर नाहीच. मी घरी जाऊन हिला सांगितलं. तिने तिन्ही अटी एकेक करून तपासल्या, शेवटी मान हलवली आणि म्हणाली, "बरोबर आहे. फक्त एक सांगा, वीस मिनिटांचं काम होतं, तर बाकीचे तीन महिने तुम्ही काय करत होता?" मी पाटी काढायला दाराशी गेलो. स्क्रू गंजले होते.

साहेबांना फोन करून सांगितलं, की खुर्ची नको. त्यांना आनंद झाला. "वा! काय करतं तुमचं सॉफ्टवेअर?"

"डॉक्टर आले की सांगतं, डॉक्टर आलेत."

"आणि?"

"आणि नसतील आले, तर नाही आले म्हणून सांगतं."

साहेब हळूच म्हणाले, "मी खुर्ची आणखी थोडे दिवस ठेवतो."

मला राग आला नाही. म्हणजे आला, पण टिकला नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी मुद्दाम दवाखान्यात जाऊन कंपाउंडरशेजारी बसलो. डॉक्टर आत होते, बाकावर छत्र्या होत्या, फोन गप्प होता, आणि ती शांतता माझी होती. आयुष्यात मी केलेली एक तरी गोष्ट कुणीतरी खरोखर वापरत होतं. मला इतकं बरं वाटलं, की मी कवळीसुद्धा एक जागा पुढे सरकवून दिली. हाताने.

तेवढ्यात फोन वाजला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कंपाउंडर म्हणाला, "तुम्हीच घ्या." मी उचलला.

"डॉक्टर आलेत का?" पलीकडून आवाज आला.

"आई? अगं, साइट बघ ना! सकाळी शिकवली ना तुला?"

"बघितली की. आलेत असं लिहिलंय."

"मग?"

"मग काय मग? तू केलेली आहेस ती. कुणाला तरी विचारून खात्री नको का करायला? जरा त्या कंपाउंडरना दे."

मी फोन दिला. "आलेत, आजी," कंपाउंडर म्हणाला. पलीकडून आईचा सुटकेचा आवाज मला टेबलाच्या या बाजूलाही स्पष्ट ऐकू आला. "हं," ती म्हणाली, "मग निघते मी."